चौदा नंबरचा डावा हात

लिसेल एवाल्ड सुंदनेस गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक म्हणजे त्याच्या हातचे लाकडी घोडे, आणि दुसरं म्हणजे ते कोरताना अखंड चालणारं त्याचं तोंड. चाकू जास्त धारदार की जीभ, यावर गावात दोन तट होते, आणि दोन्ही तटांतल्या लोकांना दोन्हींचे ओरखडे बसलेले होते.

लिसेल हे त्याचं आडनाव नव्हे, घराचं नाव. इकडे माणसाच्या आधी घर लागतं. एवाल्ड जन्मला सिलयान सरोवराच्या पलीकडच्या काठावर, सात भावंडांत पाचवा, तेव्हा तो नीस घरचा एवाल्ड होता. पंधराव्या वर्षी जंगलात लाकूडतोडीला गेला, आणि तिथल्या झोपडीत शेकोटीभोवती बसून घोडे कोरायला शिकला. एकविसाव्या वर्षी लिसेल घरच्या तीराशी लग्न केलं, तिच्याच घरी राहायला आला, आणि उंबरा ओलांडताक्षणी लिसेल एवाल्ड झाला. घरजावयाला इथं कुणी हसत नाही. फक्त सासऱ्याच्या बटाट्याच्या वाफ्यात पहिली दोन वर्षं वाकावं लागतं. एवाल्ड वाकला, पण वाकल्या वाकल्याही बोलत राहिला. शेवटी सासऱ्यानंच त्याला खिडकीजवळ खुर्ची दिली आणि सांगितलं, "तू घोडेच कोर बाबा. बटाटे पण कंटाळलेत."

त्या खुर्चीवर तो पस्तीस वर्षं बसला.

गावात घोड्यांचा कारखाना होता, हिल्डिंगच्या वडिलांनी काढलेला, पुढं हिल्डिंगनं चालवलेला. कारखाना म्हटला तरी घोडे काही तिथं कोरले जात नसत. तिथं पाइनच्या फळीवर घोड्याची आकृती उमटवायची, यंत्रकरवतीवर ती कापायची, एवढंच. निघायचे ते चपटे, काटकोनी, इस्त्री केल्यासारखे घोडे. ते खोक्यात भरून घरोघरच्या कोरणाऱ्यांकडे जायचे. कोरणारा चाकूनं त्यांना गोलाई द्यायचा. पाठ, पोट, मान, मांड्या. मग दर गुरुवारी भरलेलं खोकं परत कारखान्यात. तिथल्या बायका फटींत पुट्टी भरायच्या, पॉलिश पेपर मारायच्या, लाल रंगात बुडवायच्या, आणि एकाच ब्रशवर दोन रंग घेऊन खोगीर नि वेलबुट्टी काढायच्या. प्रत्येक कोरणाऱ्याला नंबर असे. घोड्याच्या पोटाखाली तो पेन्सिलीनं लिहायचा. लाल रंग बसला की नंबर गडप. घोडा घेणाऱ्याला तो कुणी कोरला ते कधी कळत नसे. पण कारखान्यात कळत असे, आणि गावाला तेवढं पुरत असे.

एवाल्डचा नंबर चौदा. खिडकीतून रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून तो सांगायचा, "कॉफीचं भांडं चुलीवर ठेव. ते उकळेपर्यंत माझा एक घोडा तयार." हे खरं होतं. तीरा एवढंच म्हणायची की, कॉफी उकळायला त्यानं निवडलेलं भांडं फार मोठं आहे.

त्याच्या थट्टेचा आवडता विषय होता अंगठ्याची टोपी. कोरताना चाकू आपल्याकडे ओढायचा असतो, सफरचंद सोलल्यासारखा, आणि पातं येऊन थांबतं ते चाकू धरलेल्या हाताच्या अंगठ्यापाशी. शहाणी माणसं त्या अंगठ्यावर चामड्याची छोटी टोपी चढवतात. एवाल्डनं जन्मात चढवली नाही. टोपीवाला कोरणारा दिसला की तो विचारायचा, "बाळाला टोपडं घातलंस, दुधाची बाटली कुठाय?" सगळ्यात जास्त हे ऐकलं ते तीराच्या भावानं, वेर्नरनं. वेर्नर डावखुरा, अबोल आणि टोपीवाला. म्हणजे एवाल्डसाठी एकाच माणसात तीन सण.

वेर्नरही पूर्वी कारखान्यासाठी कोरायचा. पण घोड्यांचे पाय चाकूनं गोल करायला वेळ फार जातो म्हणून त्यानं गुपचूप कानस वापरायला सुरुवात केली. कानशीनं घासलेला पाय भिजलेल्या पावासारखा मऊ दिसतो. त्यावर चाकूचे काप नसतात, रंगही मेल्यासारखा बसतो. कारखान्यात माल तपासायला योर्डिस होती. तिनं डोळे खिडकीबाहेर ठेवून नुसत्या बोटांनी ते ओळखलं आणि वेर्नरचा नंबर खोडला गेला. त्याला आता दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून चर्चमध्ये योर्डिस डाव्या बाजूला बसली तर वेर्नर उजव्या बाजूला बसायचा, आणि ती उजवीकडे बसली तर तो येतच नसे.

हे सगळं असं सुरळीत चाललेलं असताना १९६७ साल उजाडलं आणि सरकारचा जुना ठराव अमलात आला, की सप्टेंबरपासून सगळ्या देशानं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाड्या चालवायच्या. तोवर सगळे डावीकडून चालवत. महिनाभर लोक दुसरं काही बोलत नव्हते. एवाल्डकडे मोटार नव्हती, सायकल होती, तीही बहुतेक तीरा चालवायची. तरी या विषयात त्याच्याइतका जाणकार गावात कुणी नव्हता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी वेर्नर कॉफीला आला होता. एवाल्ड खुर्चीत, डाव्या हातात अर्धा घोडा, उजव्यात चाकू. वेर्नर बशीत ओतलेल्या कॉफीवर फुंकर मारत होता.

"हे बघ," एवाल्ड म्हणाला, "हा घोडा म्हणजे तुझी मोटार."

"माझ्याकडे मोटार नाही."

"धरून चाल. तू मूराहून येतोयस. पूर्वी असा यायचास. आता समोरून ट्रक आला, तर तू कुठं वळशील?"

"मी चालत येतो."

"अरे धरून चाल म्हणतोय ना. तू असा वळशील..."

घोडा वळला. चाकू वळला नाही. पातं उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आत गेलं, टोपी असती तर ती जिथं असती तिथंच.

तीरानं टेबलावरचा कपडा ओढून त्याच्या हाताला गुंडाळला. वेर्नरनं कॉफीसाठी दातात धरलेला साखरेचा खडा तसाच ठेवून गाठ मारली. एवाल्ड भिंतीसारखा पांढरा पडला होता. आणि त्या अवस्थेत तो पहिलं वाक्य बोलला ते, "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला?" वेर्नरनं विचारलं.

"कुणालाच. मलासुद्धा पुन्हा सांगू नकोस."

वेर्नरनं मान हलवली. तो मुळातच बोलत नसे. त्याला हे वचन जड नव्हतं.

मूरा शहरातल्या दवाखान्यात स्नायूची दोरी शिवून दिली. जखम भरली, पण अंगठा वाकेना. चमचा धरता यायचा, काडी ओढता यायची, चाकूवर जोर द्यायचा म्हटलं की अंगठा पाहुण्यासारखा बाजूला उभा राहायचा. डॉक्टरनं सांगितलं, एवढंच राहील.

एवाल्डनं कारखान्यात निरोप धाडला की या हिवाळ्यात तो मेव्हण्याबरोबर लाकूडतोडीला जातोय, वसंतात येईल. हिल्डिंगला जरा नवल वाटलं, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी लाकूडतोडीला कुणी हौसेनं जात नाही. पण त्यानं चौदा नंबरची जागा ठेवली. एवाल्डनं खिडकीतली खुर्ची उचलून मागच्या खोलीत नेली आणि कातडी हातमोजा घालून बसला. बाहेर कधी दिसलाच तर जंगलातून घरी आलाय असं लोक समजत, आणि थंडीत मोज्याचं कुणाला काही वाटलं नाही.

तीन आठवडे तो नुसता बसला. चौथ्या आठवड्यात तीरानं त्याच्यासमोर एक चपटा घोडा आणि चाकू ठेवला.

"हात गेलाय माझा," एवाल्ड म्हणाला.

"एक गेलाय. दुसरा काय नीस घरी ठेवून आलायस?"

"डाव्यानं कोरायला मी काय वेर्नर आहे?"

"नाहीस," तीरा म्हणाली. "पण तो उद्या येतोय."

वेर्नर आला. टेबलाच्या त्याच बाजूला, एवाल्डच्या शेजारी बसला, खिशातून चाकू काढला आणि अट घातली. बहुधा वर्षभरातलं हे त्याचं सर्वांत लांब बोलणं असावं: "मी शिकवतोय तोवर तू बोलायचं नाहीस. बोललास की मी उठलो."

पहिल्या दिवशी एवाल्ड अकरा मिनिटं गप्प बसला. तीरानं घड्याळ लावून मोजलं. वेर्नर खरोखरच उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. वेर्नरनं टेबलावर आपली जुनी अंगठ्याची टोपी ठेवली होती. एवाल्डनं ती बराच वेळ पाहिली, मग डाव्या अंगठ्यावर चढवली. वेर्नर त्यावर काहीच बोलला नाही. बोलला असता तर एवाल्डला बरं वाटलं असतं.

डाव्या हाताला काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं फक्त घोडा धरून ठेवला होता. उजवा काय करतोय हे रोज इतक्या जवळून बघितलेलं, पण शिकला म्हणून काही नाही. पाइनच्या लाकडाचा रेशा कुठं धावतो, गाठ आली की कसं आडवं जायचं, मानेखालच्या खोबणीत पातं कसं फिरवायचं, हे एवाल्डच्या डोक्यात होतं, मनगटात नव्हतं. पहिला घोडा डुकरासारखा झाला. दुसरा त्या डुकराच्या आईसारखा. तिसऱ्याचा पाय तुटला. तीरा येता जाता ते उचलून चुलीत घालायची. "आज बटाटे तुझ्या डुकरांवर शिजलेत," ती जेवताना सांगायची. "चांगले शिजलेत. तेलकट लाकूड आहे."

नाताळ झाला, जानेवारी सरली. एवाल्ड आता दीड तास गप्प बसू शकायचा. वेर्नर बोटानं दाखवायचा, कधी एवाल्डचं मनगट धरून पातं फिरवून द्यायचा. फेब्रुवारीत एक घोडा असा झाला की तीरानं तो चुलीकडे नेला आणि तसाच परत आणून टेबलावर ठेवला. एवाल्डनं तो बोटांत फिरवून बघितला आणि पुढचा चपटा घोडा जवळ ओढला.

मार्चच्या मध्याला चाळीस घोड्यांचं खोकं भरलं. प्रत्येकाच्या पोटाखाली त्यानं पेन्सिलीनं चौदा लिहिला; डाव्या हातानं, म्हणून जरा लहान मुलासारखा. आणि गुरुवारी खोकं घसरगाडीवर बांधून, एका पायानं बर्फ रेटत कारखान्यात गेला.

योर्डिस पुट्टीच्या टेबलापाशी होती. ही बाई सव्वीस वर्षं त्या स्टुलावर बसलेली. बोटं कायम पांढरी, नजर कायम खिडकीबाहेरच्या बर्चच्या झाडावर.

"आलास? जंगल कसं होतं?"

"उभं होतं, आडवं केलं," एवाल्ड म्हणाला. मोजा त्यानं काढला नाही.

"मोजा काढ की. भट्टी पेटलीये."

"वात धरलाय बोटांना."

योर्डिसनं खोक्यातला पहिला घोडा घेतला. अंगठा पाठीवरून, मांडीवरून, मानेखालून फिरवला. दुसरा घेतला. तिसरा. चौथ्याला तिची नजर झाडावरून आत आली.

"हे तुझे नाहीत."

"मग कुणाचे, पाद्र्याचे?"

"वेर्नरचे."

ब्रशच्या टेबलावरच्या तिघीजणींनी माना वर केल्या.

"मानेखालचा शेवटचा काप तू कायम उजवीकडून आत घेतोस," योर्डिस म्हणाली. "डाव्या अंगाला एक बारीक कड राहते. सव्वीस वर्षं मी ती कड पेपरनं मारतेय. हे सगळे डावीकडून घेतलेत. आणि जंगलात कुणाबरोबर गेला होतास ते मला माहीत आहे. कानस नाही लागलेली, हे त्याचं कबूल करते. पण हात त्याचाच."

"तुझी बोटं म्हातारी झालीत."

"माझी बोटं पुट्टीत मुरलीत. तुझा नंबर आणि दुसऱ्याचे घोडे. हिल्डिंगला बोलव गं कुणीतरी."

हिल्डिंग आला. तो एवाल्डपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण मालक. आमच्याकडे मालकालाही तू आणि पाद्र्यालाही तू, त्यामुळे भांडणात कुणाची सोय होत नाही. त्यानं दोन घोडे हातात घेतले, योर्डिसचं ऐकलं आणि म्हणाला, "एवाल्ड, नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या नंबरावर दुसऱ्याचा माल आला की नंबर जातो. पण भांडायचं काही कारण नाही. इथं बस, एक कोर, विषय संपला."

"इथं?"

"इथंच. तुझं ते कॉफीचं भांडं ठेवतो हवं तर."

एवाल्डनं मोज्यातला हात पाठीमागे घेतला. "पस्तीस वर्षं माल देतोय मी. आता शाळेतल्या पोरासारखी परीक्षा देऊ?"

"मग पुढच्या गुरुवारपर्यंत विचार कर," हिल्डिंग म्हणाला. "खोकं इथंच राहील. नाही आलास तर चौदा खोडतो."

एवाल्ड घरी आला आणि आठवडाभर घरात शांतता पसरली. जेवताना हेरिंग मासा पुढं आला तरी तो त्याच्याकडे हिशेब चुकल्यासारखं बघत बसे. तीरानं तीन दिवस सोडून दिलं. चौथ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "नंबर गेला तर काय करशील?"

"काही नाही करणार."

"तेच विचारतेय. काही नाही कसं करणार? तुला जमत नाही ते. डाव्यानं कोरतोस असं सांग ना."

"म्हणजे अंगठ्याचं सांगावं लागेल."

"सांग."

"तीरा, पस्तीस वर्षं मी या गावाला टोपीवरून हसलोय."

"म्हणून गाव हसेल. दोन दिवस हसेल. तू इतकी वर्षं हसलास, गाव काय मेलं का?"

"आणि तिथं बसून कोरायचं? माझा हात अजून अडखळतो. सगळ्यांसमोर अडखळू?"

"म्हणजे चोर म्हटलेलं चालेल, शिकाऊ म्हटलेलं नाही," तीरा म्हणाली. एवाल्ड गप्प बसला. वेर्नरच्या शिकवणीचा असा उपयोग होईल हे तिला वाटलं नव्हतं.

हेच सगळं शेजारच्या खोलीत बसून वेर्नर ऐकत होता. वेर्नर विचारही सावकाश करायचा, पण करायचा. त्यानं हिशेब असा मांडला: एवाल्डला अंगठ्याचं लपवायचंय, आणि कुणाला सांगणार नाही असं आपण वचन दिलंय. लपवायचं तर घोडे दुसऱ्या कुणीतरी कोरलेले असले पाहिजेत. ते आपण कोरले असं म्हटलं, की गुपित राहिलं. शिवाय, आणि हे त्यानं स्वतःशीही फार मोठ्यानं मांडलं नसावं, जे घोडे योर्डिसनं बोटं फिरवून कानस नाही म्हणून कबूल केले, ते चाळीसच्या चाळीस आपल्या नावावर लागतील. दहा वर्षांनी.

गुरुवारी एवाल्ड शेवटी कारखान्याकडे निघाला ते नंबर सोडतो असं सांगायलाच. दारातून आत शिरला तर हिल्डिंगपुढं वेर्नर उभा, डोक्यावरची टोपी हातात, मान खाली, कान लाल.

"मीच कोरले," वेर्नर सांगत होता. "एवाल्डनं नुसता नंबर लिहिला."

"सगळे चाळीस?" हिल्डिंगनं विचारलं.

"सगळे."

"म्हटलं नव्हतं का मी?" योर्डिस म्हणाली. पण तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. ती एक घोडा हातात फिरवत होती आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे डोळ्यांनी बघत होती. "चांगले आहेत, वेर्नर. तू असे कोरू शकत होतास तर तेव्हा कानस कशाला घेतलीस?"

वेर्नर हातातली टोपी फिरवत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की एवाल्डनं नजर फिरवली. आता गप्प राहणं सोपं होतं. नंबर गेलाच होता, तो सोडायलाच तर आला होता. अंगठा झाकलेला राहिला असता. आणि गावात सांगायला एक गोष्ट राहिली असती, की लिसेल एवाल्डचे शेवटचे घोडे खरं तर वेर्नरचे.

एवढं मात्र त्याला चालणारं नव्हतं. चोर ठरणं त्यानं आठवडाभरात पचवलं होतं. ते चाळीस घोडे कुणा दुसऱ्याचे ठरणं पचेना.

"खोटं बोलतोय तो," एवाल्ड म्हणाला आणि दातांनी मोजा ओढून काढला.

अंगठ्याच्या बुडाशी गुलाबी रेघ होती आणि अंगठा कुणाशी संबंध नसल्यासारखा बाहेर उभा होता. बायकांचे ब्रश थांबले.

"कधी?" हिल्डिंगनं विचारलं.

"ऑक्टोबरात."

"काय करत होतास?"

एवाल्डनं अंगठ्याकडे बघितलं. "वाहतूक समजावत होतो."

ब्रशच्या टेबलावरून कुणीतरी नाकातून हसलं. मग दुसरी, मग तिसरी. एवाल्डनं खिशातून अंगठ्याची टोपी काढली, डाव्या अंगठ्यावर चढवली, आणि अपेक्षित होतं ते आलंच. "एवाल्ड," सगळ्यात लहान पोरीनं विचारलं, "दुधाची बाटली आणू का?"

"साखर घालून आण," तो म्हणाला. "आणि एक घोडा दे कुणीतरी."

तो योर्डिससमोरच्या स्टुलावर बसला. चपटा घोडा उजव्या हातात धरला; पकडीचं काम उजव्याला अजून जमत होतं. पाठीपासून सुरुवात केली. पहिल्या तीन कापांत एक ढलपी हवी त्याच्या दुप्पट जाड निघाली. मग त्यानं बोलणं बंद केलं, नव्हे, आधीच केलं होतं, हे इतरांच्या आता लक्षात आलं. त्या कारखान्यात एवाल्ड असताना चाकूचा आवाज ऐकू येण्याची ती पहिलीच वेळ. एकदा कॉफीचं भांडं उकळलं. उतरवून प्यालं गेलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही उकळलं. वेर्नर दारापाशी उभाच होता आणि एवाल्डचं मनगट वळलं की त्याचंही डावं मनगट जरासं वळत होतं. हे योर्डिसनं पाहिलं.

तासाभरानं एवाल्डनं घोडा टेबलावर ठेवला. योर्डिसनं तो घेतला, नजर झाडावर लावली आणि अंगठा फिरवला.

"वळण वेर्नरचं आहे," ती म्हणाली.

"त्यानंच शिकवलं."

"कान तुझे आहेत. ते कुणाला जमत नाहीत, तुला पण धड जमत नाहीत, पण तुझे आहेत." तिनं घोडा हिल्डिंगकडे दिला. "खोकं घे आत. चाळीसही त्याचेच."

हिल्डिंगला हायसं वाटलं. "मग चौदा कायम."

"चौदा कसा कायम?" योर्डिस म्हणाली. "चौदा नंबर त्या हाताचा होता. मी खोक्यावर चौदा वाचते आणि बोटांना दुसरंच लागतं, असं मला चालणार नाही. हा नवीन हात आहे. नवीन हाताला नवीन नंबर. आणि नवीन कोरणाऱ्याचे पहिले सहा महिने सगळे घोडे एकेक करून तपासले जातात, नापास ते परत जातात. वेर्नरच्या वेळी होतं, माझ्या नवऱ्याच्या वेळी होतं. याच्या वेळी का नाही?"

हिल्डिंगनं एवाल्डकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. हा माणूस आता कारखाना डोक्यावर घेणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एवाल्डनं अंगठ्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"कितवा?" त्यानं विचारलं.

"एकतीस रिकामा आहे."

"लिही मग," तो म्हणाला आणि उठला.

वेर्नरला कारखान्यानं काही परत घेतलं नाही. हिल्डिंगनं विचारलं होतं, पण वेर्नरनं प्रामाणिकपणे सांगितलं की कानस त्याच्या घरात अजून आहे आणि ती असेपर्यंत तो स्वतःबद्दल खात्री देऊ शकत नाही. चर्चमध्ये मात्र तो आता योर्डिस बसेल त्याच बाजूला बसू लागला, दोन बाकं मागं. एवाल्ड पुढची तेरा वर्षं एकतीस नंबरावर कोरत राहिला, आणि गावाचं हसणं दोन दिवसांत नव्हे, दोन वर्षांत संपलं. पण त्याला हसताना माणसं त्याच्या खिडकीशी थांबत, आणि थांबलेल्या माणसाशी बोलणं एवाल्डला कधी जड गेलं नाही.

जड गेला तो पुढचाच गुरुवार. एकतीस नंबरचं पहिलं खोकं तो घेऊन गेला. योर्डिसनं एकेक घोडा अंगठ्याखालून घातला. बहुतेक उजवीकडे गेले. चार तिनं डावीकडे, त्याच्या बाजूला सरकवले.

पस्तीस वर्षांत त्याच्याकडे एकही घोडा परत आला नव्हता. त्यानं त्या चारांतला एक उचलला. ब्रशवाल्या बायका कान देऊन बसल्या होत्या, पण तो काही फेकत नाही, सुनावत नाही, असं दिसल्यावर आपापल्या कामाला लागल्या.

"याचं काय चुकलंय?" एवाल्डनं विचारलं.

योर्डिसनं मान वळवली. हा प्रश्न या आवाजात तिनं आजवर ऐकला नव्हता. "इथं," ती म्हणाली. "मांडीच्या आत. रेशा उलटा धावतोय आणि तू तसाच ओढलायस. हात लावून बघ."

एवाल्डनं स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसला आणि डावा अंगठा त्या जागेवर ठेवला.

"लागत नाही काही," तो म्हणाला.

"बोलू नकोस, मग लागेल. पुन्हा बघ."